शेगडी उचलायला आठ माणसं

नेव्हिल ट्रेगेन्झा टास्मानियाला जायला तयार झाला तो एकाच अटीवर. अंगणातली शेगडी बरोबर येणार. ही अट त्याने बायकोला सांगितली, फोनवर मुलीला आणि जावयाला सांगितली, आणि घर विकून देणाऱ्या दलालाला तर इतक्यांदा सांगितली, की तो बिचारा पुढे पुढे फोन उचलताच आधी शेगडीचं कबूल करायचा आणि मग तब्येतीचं विचारायचा. तरी नेव्हिलचा कुणावर विश्वास नव्हता. शेगडीचं नाव काढलं की लोक गालातल्या गालात हसतात, हे त्याने पाहून ठेवलं होतं.

शेगडी म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येईल तसली चिमुकली वस्तू नव्हे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलारू गावच्या धक्क्यावरच्या धान्याच्या कोठाराचं जुनं पोलादी दार भंगारात निघालं, तेव्हा तिथे फिटर असलेल्या नेव्हिलने ते घरी आणून, कापून, वेल्डिंग करून हा बार्बेक्यू उभा केला होता. वर बोटभर जाडीचा तवा, शेजारी जाळी, खाली लाकडं घालायची पेटी, मागे धुराडं, आणि पाय असे की त्यांच्यावर माडी चढवावी. ती हलवायला आठ माणसं लागत. एकदा सहा जणांनी हिंमत केली होती, त्यातला एक अजून वाकून चालतो. गावातल्या निम्म्या लग्नांचं, बारशांचं आणि मयतीनंतरचं जेवण त्या तव्यावर झालं होतं आणि एवढ्या वर्षांत त्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता. तापल्यावर खरवडायचा, अर्धा कांदा चोळायचा, बाटलीतला बीअरचा शेवटचा घोट ओतायचा, की झाला स्वच्छ. तवा पाण्याने धुणाऱ्या माणसाला वॉलारूत कुणी वाईट म्हणत नसे, फक्त त्याच्याकडे कुणी जेवायला जात नसे.

गाव सोडायची वेळ आली त्याला कारण झालं त्याच्या बायकोच्या, नोलीनच्या डोळ्यांचं. तिला दिसेनासं होत चाललं होतं, आणि ज्याला चांगलं दिसत होतं त्या नेव्हिलने गाडी चर्चच्या कुंपणावर घातली होती. टास्मानियात, बर्नीला राहणाऱ्या केरिनने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, मग दोघांचा निकाल लावून टाकला. घराच्या मागे तिने आईबापांसाठी दोन खोल्या बांधून घेतल्या आणि फोन केला. शेगडीचा विषय निघाला तेव्हा ती हसली.

"बाबा, ते धूड कशाला आणतोस? स्टुअर्टने नवी घेतलीय, गॅसची, झाकणाची. तू आता काही करायचं नाहीस. खुर्ची टाकून देऊ, नुसतं बसायचं."

पोरीने मायेनेच म्हटलं होतं, पण ते नेव्हिलच्या घशात अडकून बसलं. त्याला ते सगळं समोर दिसलं. जावयाचं अंगण, जावयाची शेगडी, जावयाच्या हातात चिमटा. कोपऱ्यात खुर्ची, खुर्चीत आपण, गुडघ्यांवर शाल. आणि स्टुअर्ट ताटली घेऊन येतोय आणि जरा वाकून, मोठ्या आवाजात विचारतोय, "एक की दोन?" सॉसेज एक की दोन, हा प्रश्न नेव्हिलने आयुष्यभर लोकांना विचारला होता. कुणी त्याला कधी विचारला नव्हता. कुणी विचारावा अशी त्याची इच्छाही नव्हती, आणि तसं होणार असेल तर वॉलारूच्या दफनभूमीत जागा आहे, असं त्याने नोलीनला सांगून टाकलं. नोलीन म्हणाली, तिथे तरी तुला कुठे उभं राहायला मिळणार आहे.

असो. वाहतूक कंपनीला फोन केला. फोनवरची बाई गोड बोलणारी होती, आणि गोड बोलणारी माणसं नेव्हिलला पहिल्यापासून आवडत नसत. शेगडी ट्रकने मेलबर्नला जाईल, तिथून बोटीने समुद्र ओलांडेल, तिथून पुन्हा ट्रकने दारात येईल, असं सगळं तिने सांगितलं आणि वजन विचारलं. नेव्हिल म्हणाला, आठ माणसं. बाई म्हणाली, किलोमध्ये. नेव्हिल म्हणाला, कुठली माणसं त्यावर अवलंबून आहे. बाईने वजन करून मग फोन करायला सांगितलं.

इथे शेजारचा लिंडसे पास्को येतो. तो न बोलावता येतो. त्याने जन्मभर गव्हाचे ट्रक हाकले होते, त्यामुळे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला ठाम मत होतं. चाळीसेक वर्षं कुंपणावर कोपरं टेकून त्याने नेव्हिलला सल्ले दिले होते आणि तेवढीच वर्षं नेव्हिलने ते झिडकारले होते, आणि यालाच ते दोघं मैत्री म्हणत. लिंडसे म्हणाला, त्यात काय, ट्रेलरवर चढवू आणि कोठाराच्या वजनकाट्यावर नेऊ. शनिवारी गडी बोलव. नेव्हिलने बोलावले.

आता मित्रांना उचलायला बोलवायचं तर त्यांना पैसे देता येत नाहीत, तो अपमान होतो. त्यांना खाऊ घालायचं असतं. आणि नेव्हिल ट्रेगेन्झाच्या अंगणात आलेल्या माणसाला दुकानातलं आणून घालणं म्हणजे त्याहून मोठा अपमान. तेव्हा त्याने शनिवारी सकाळीच लाकडं रचली आणि शेगडी पेटवली. गडी वेळेवर आले, बाह्या सरसावून आले, आणि शेगडीजवळ येऊन थांबले. तवा धगधगत होता. मटणाच्या चापा तडतडत होत्या. हात कुठे लावायचा हे कुणालाच सुचेना, म्हणून सगळ्यांनी बीअरच्या बाटल्यांना लावला. संध्याकाळपर्यंत थांबूनही ते पोलाद काही निवलं नाही. मंडळी पोट भरून, गाणी म्हणत घरी गेली आणि शेगडी होती तिथेच राहिली. नेव्हिल भयंकर संतापला, पण काडी त्यानेच ओढली होती, त्यामुळे संतापायचं कुणावर हा प्रश्न आला. तो लिंडसेवर संतापला.

पुढच्या शनिवारी त्याने शिस्त लावली. आधी उचलायचं, मग खायचं. आठ जणांनी कण्हत, कुंथत, एकमेकांच्या पायांवर पाय देत शेगडी ट्रेलरवर चढवली. ती डुगडुगू नये म्हणून लिंडसे तिला मिठी मारून उभा राहिला आणि वरात वजनकाट्यावर गेली. वजन निघालं. पण त्यात लिंडसेही होता. खाली उतर म्हटलं तर म्हणाला, मी उतरलो की ही कलंडेल. मग तुझं वजन सांग म्हटलं तर म्हणाला, ते डॉक्टरलाही सांगत नाही. काट्यावरच्या तरुण माणसाने अंदाज बोलून दाखवला, तो लिंडसेला फार लागला. त्यावरून तिथे बराच वेळ वाद झाला आणि मागे गव्हाच्या ट्रकांची रांग लागून भोंगे वाजू लागले. शेवटी लिंडसेचं वजन बहुमताने ठरवून वजा करण्यात आलं. परत आल्यावर शेगडी उतरवावी लागली, कारण माणसं भुकेली होती आणि भूक भागवायची तर शेगडी जमिनीवर हवी. हे सगळं किती मूर्खपणाचं आहे हे नेव्हिलला कळत होतं. फक्त ते कुठे सुरू झालं हे सापडत नव्हतं.

बाईने वजन लिहून घेतलं आणि मग खरी मेख सांगितली. टास्मानिया बेट आहे, तिथल्या बंदरावर सामानाची तपासणी होते. माती चालत नाही, बी-बियाणं चालत नाही, गवत, लाकूड, किडा-मुंगी काही चालत नाही. वस्तू स्वच्छ आहे ना? नेव्हिलला हे झोंबलं. रोज आगीत तापणारी वस्तू स्वच्छ नसेल तर मग जगात काय स्वच्छ आहे, असं त्याने विचारलं. बाईने पुन्हा तोच प्रश्न विचारला. नेव्हिल म्हणाला, हो, स्वच्छ. आणि फोन ठेवून अर्धा तास अंगणात फेऱ्या मारत राहिला.

मग त्याने फळ्या आणून शेगडीभोवती खोका ठोकायला घेतला. लिंडसे भावाच्या शेतावरून आपल्या नेहमीच्या निळ्या सुतळीने बांधलेलं सातूचं काड घेऊन आला, मध्ये भरायला. नेव्हिल म्हणाला, गवत चालत नाही. लिंडसे म्हणाला, हे गवत नाही, काड आहे. नेव्हिल म्हणाला, तू तपासणीवाल्यांना शिकव. लिंडसे दुखावला. त्याने कुंपणापलीकडून सांगितलं, की तुझ्या लग्नातला काचेचा सेट याच काडातून आला होता आणि त्यातली एक बशी फुटली नव्हती. हे खरं होतं, म्हणूनच नेव्हिलला जास्त राग आला. नोलीनने जुन्या रजया दिल्या, त्या भरल्या, झाकण ठोकलं. ट्रक शनिवारी सकाळी येणार होता. त्याच्या पुढच्या शनिवारी घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. घर घेणारं तरुण जोडपं एकदा येऊन शेगडीवरून हात फिरवून गेलं होतं आणि राहिली मागे तर आम्ही सांभाळू म्हणालं होतं. त्या दिवसापासून नेव्हिल त्यांना चोर म्हणायचा.

शुक्रवारी दुपारी, हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्या बोल्स क्लबची सगळी मंडळी निरोप द्यायला आली. त्या गावची रीत अशी, की आपापलं मांस आपण घेऊन जायचं आणि यजमानाच्या शेगडीवर भाजायचं. चापा, सॉसेज, कुणी किंग जॉर्ज मासा, सगळं कच्चं हातात घेऊन वीसेक माणसं अंगणात आली आणि खिळे ठोकलेल्या खोक्यासमोर उभी राहिली. लिंडसेच्या घरची गॅसची टाकी संपलेली होती, हे त्याने स्वतःच, कुणी विचारण्याआधी सांगितलं. मग क्लबची चिटणीस डल्सी हॉकिंग पुढे झाली. या बाईपुढे गावचा पाद्रीही आवाज चढवत नसे.

"नेव्ह," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला पुरून आलो तेव्हा याच तव्यावर जेवलो. तुझा निरोप काय बिस्किटांवर करू?"

नेव्हिलने खिळे उपटले. हातोडीचा एकेक हिसका तो असा देत होता, की प्रत्येक खिळ्याला एकेका माणसाचं नाव असावं. पण तवा तापला, कांदे पडले, वास सुटला, आणि चिमटा हातात आल्यावर तो जरा नरमला. "एक की दोन?" असं विचारत तो अंगणभर फिरला. अंधार पडेस्तोवर लोक हलले नाहीत.

सकाळी ट्रक आला तेव्हा पेटीत निखारे होते. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने हात तव्याच्या जवळ नेला आणि मागे घेतला. पेटती चूल घेऊन मी रस्त्यावर जाणार नाही, म्हणाला. नेव्हिल म्हणाला, पेटती नाही, कोमट आहे. ड्रायव्हर म्हणाला, मागे गाद्या भरल्यात. नेव्हिल म्हणाला, गाद्या काढ. ड्रायव्हर ट्रकमध्ये चढला आणि निघून गेला. गोड बाईने गोड आवाजात सांगितलं, की पुढचा ट्रक गुरुवारी, आणि त्यापुढचा थेट पुढच्या महिन्यात. म्हणजे गुरुवार चुकला, की शेगडी त्या चोरांची.

त्या रात्री नेव्हिलने शपथ घेतली. आता या शेगडीवर कुणालाही, अगदी बिशप आला तरी, एक घास मिळणार नाही. हरामखोर, आयतोबा, फुकटे. आयुष्यभर यांना खाऊ घातलं आणि एक वस्तू धड उचलून देता येत नाही. नोलीन म्हणाली, उचलतात की. उचलतात आणि खातात, नेव्हिल ओरडला. नोलीन म्हणाली, मग काय, उचलून उपाशी राहायचं?

गुरुवारी माणसं आली. शेगडी थंड होती, खोक्याची एक बाजू तेवढी ठोकायची राहिली होती. नेव्हिल सगळ्यांवर खेकसत होता. त्यांनी ती बाजू ठोकली आणि खोका ट्रकवर चढवला. मग नेव्हिलने बेकरीतून आणलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या वाटल्या, कागदी पिशवीतल्या, आणि त्याही गार. कुणी तक्रार केली नाही, हेच जास्त वाईट होतं. लिंडसेने आपली पेस्टी हातात धरून तिच्याकडे पाहिलं, कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि घरात निघून गेला. दोन दिवसांनी नेव्हिल आणि नोलीन गाव सोडून निघाले, तेव्हाही तो बाहेर आला नाही. पेस्टी अजून खांबावर होती आणि सीगल तिच्यावर तुटून पडले होते. नेव्हिल मेलबर्नपर्यंत लिंडसेला शिव्या देत गेला. बोटीत बसल्यावर गप्प झाला, ते पाहून नोलीनला काळजी वाटली.

बर्नीला खुर्ची तयार होती. शालही होती. स्टुअर्ट स्वभावाने सरळ माणूस, त्याने पहिल्याच रविवारी झाकणाची शेगडी उघडली, तपमान मोजायची सळई मांसात खुपसली आणि सासऱ्याला विचारलं, तुम्हाला एक की दोन? नेव्हिल म्हणाला, मला भूक नाही. केरिनने आईला हळूच विचारलं, बाबाची तब्येत बरी आहे ना.

मग बंदरावरून फोन आला. तपासणी खात्याचा माणूस बोलत होता. तुमच्या शेगडीच्या पेटीत लाकूड सापडलं म्हणाला. नेव्हिल म्हणाला, अशक्य, पेटी मी स्वतः झाडली होती. माणूस म्हणाला, मॅली निलगिरीची, सरपणाची मुळं आहेत, चांगली मोठी, निळ्या सुतळीने बांधलेली, आणि त्यांना माती आहे. निळी सुतळी ऐकली आणि नेव्हिलने डोळे मिटले. वॉलारूत सगळं जग निळ्या सुतळीने बांधणारा माणूस एकच होता. मुळं जप्त करून जाळली, माणूस पुढे म्हणाला, आणि शेगडी नियमाप्रमाणे उकळत्या वाफेने आतून-बाहेरून धुऊन काढली. फार चिकट थर होता हो, जुना. पण आमच्या पोरांनी सोडला नाही. आता अगदी नव्यासारखी दिसते.

तीस वर्षांचा तवा. अर्ध्या गावाची लग्नं आणि मयती त्या थरात होत्या, आणि पोरांनी तो सोडला नव्हता. नेव्हिलने लिंडसेला फोन लावला.

"गाढवा," तो म्हणाला, "मुळं कुणी घातली पेटीत?"

"मी," लिंडसे म्हणाला. "नव्या जागी पहिली आग आपल्याकडच्या लाकडाची व्हावी म्हटलं. तिकडे काय ओली लाकडं असतील."

"माती झटकता येत नव्हती?"

"झटकली असती तर तुला ऐकू आलं असतं. तू तिथेच सगळ्यांवर भुंकत उभा होतास."

"धुतला त्यांनी तवा, लिंडसे. वाफेने."

यावर लिंडसे म्हणाला, "अरे देवा." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने कुठलाही सल्ला दिला नाही. नेव्हिलने त्याला आणखी थोड्या शिव्या दिल्या, पण मेलबर्नपर्यंत दिल्या होत्या तसल्या नव्हेत.

शेगडी आली ती घरात नव्हे, रस्त्यावर. दारापर्यंत म्हणजे फुटपाथपर्यंत, असं ट्रकवाल्याचं म्हणणं. त्याने यंत्राने ती खाली सोडली आणि तपासणीत फोडलेल्या खोक्याच्या फळ्याही बाजूला रचून तो गेला. घर रस्त्यापासून उतरणीवर खाली होतं आणि रस्त्यावर उभं राहिलं की समुद्र दिसायचा. नेव्हिलला समुद्र बघायचा नव्हता. तो तव्याकडे बघत होता. करडा, कोरा, बोडका तवा. नोलीनने त्यावरून बोटं फिरवली. स्टुअर्टने एकट्याने हलवून पाहिली, मग नेव्हिलने आणि त्याने मिळून, मग स्टुअर्ट कमरेला हात लावून खाली बसला.

त्या गल्लीत रीत अशी होती, की फुटपाथवर ठेवलेली वस्तू टाकून दिलेली समजायची, ज्याला हवी त्याने न्यावी. हे केरिनने सांगितलं मात्र, नेव्हिल आतून खुर्ची घेऊन आला आणि शेगडीला लावून रस्त्याकडेला बसला. वारा बोचरा होता, म्हणून नोलीनने त्याच्या गुडघ्यांवर शाल आणून टाकली. नुसतं बसायचं नाही म्हणून ज्याने समुद्रापार ही वस्तू आणवली, तो माणूस आता भर रस्त्यात नुसता बसला होता, आणि जाणारे-येणारे त्याला हात करत होते. असा त्याचा आयुष्यात कधी पाणउतारा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलर लावलेली एक गाडी थांबली. आत एक दांडगा, लाल दाढीचा माणूस होता.

"आजोबा, ही टाकायची आहे का?"

"टाकायची?" नेव्हिल उठून उभा राहिला. शाल रस्त्यावर पडली.

"म्हणजे उचलून नेऊ का म्हणतोय."

"उचलून दाखव," नेव्हिल म्हणाला.

दाढीवाल्याचं नाव क्रेग. त्याने उचलून पाहिली. तिने हूं का चूं केलं नाही. नेव्हिल हसला, आणि ते हसू वाईट होतं. क्रेग लाल झाला आणि गाडी घेऊन गेला. वीस मिनिटांनी तो मेव्हण्याला घेऊन आला. दोघांनीही हात टेकले, तेव्हा समोरच्या घरातला माणूस सल्ला द्यायला बाहेर आला. एका बाजूने उचला म्हणाला. नेव्हिल म्हणाला, तू ये आणि तुझी बाजू उचल. तोही आला. असं करता करता, जो हसला त्याला बोलावून, जो थांबला त्याला डिवचून, नेव्हिलने आठ जण जमवले. त्यात एक बाई होती, कागद गिरणीत काम केलेली, आणि तीच सगळ्यांत भक्कम होती. नेव्हिल पुढे उलटा चालत, प्रत्येकावर ओरडत होता. सावकाश, मूर्खांनो. डावीकडे, डावी कळते का? आठ जण कण्हत, शिव्या खात, शेगडी घेऊन उतरणीवरून खाली आले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी, जिथे दम संपला तिथे ठेवून मोकळे झाले.

आणि मग सगळे घाम पुसत उभे राहिले. कुणी काही मागितलं नाही. पण आठ माणसांनी उचललंय आणि अंगणात उभी आहेत, याचा अर्थ नेव्हिलला कुणी सांगायला नको होता. स्टुअर्ट झाकणाची शेगडी उघडत म्हणाला, मी पटकन करतो सॉसेज, पाच मिनिटांत.

"त्यांनी ही उचललीय," नेव्हिल म्हणाला. "त्यांना हिच्यावरच मिळेल. लाकडं आण."

लाकडं ओलीच होती, लिंडसे म्हणाला होता तशी. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. कोऱ्या तव्याला सॉसेज चिकटले, फुटले, एका बाजूने जळले आणि दुसऱ्या बाजूने कच्चे राहिले. आयुष्यात नेव्हिलने असलं जेवण कुणाला वाढलं नव्हतं. तो तोंडातल्या तोंडात तपासणी खात्याला, लिंडसेला, या ओल्या बेटाला शिव्या देत कांदा चोळत राहिला, चरबी ओतत राहिला, आणि ताटली घेऊन एकेकाकडे गेला.

"एक की दोन?"

"दोन," क्रेग म्हणाला. गिरणीतली बाई म्हणाली, जळकं तीन दे. सगळ्यांनी ते खाल्लं, ब्रेडमध्ये घालून, सॉस ओतून, आणि कुणी नवी शेगडी आहे का विचारलं तेव्हा नेव्हिलने त्याला तवा कसा जमवतात यावर असं फैलावर घेतलं, की तो माणूस ताटली धरून ऐकत राहिला. क्रेग म्हणाला, पुढच्या वेळी माझ्याकडची कोरडी लाकडं घेऊन येतो. पुढच्या वेळी, हा शब्द नेव्हिलच्या कानात बसला.

मंडळी निघाली तेव्हा तो शेगडीपाशी उभा राहून कपाळाला आठ्या घालून दोरीकडे, कुंपणाकडे, आकाशाकडे बघत होता.

"ही जागा चुकली," तो रागारागाने म्हणाला. "धूर कपड्यांवर जाणार. तुम्ही लोकांनी कुठेही आपटलीत. शनिवारी या सगळे, हिला त्या कुंपणाकडे न्यावी लागेल."

येतो म्हणाले सगळे, आणि गेले. स्टुअर्ट खुर्ची आत घेऊन गेला. नोलीनला दिसत कमी होतं, पण वारा कुठून येतो ते गालावर कळत होतं.

"नेव्ह," ती म्हणाली, "कुंपणाकडे तर धूर सरळ आपल्या खिडकीत येईल."

"येऊ दे," तो तवा खरवडत म्हणाला. "त्याच्या पुढच्या शनिवारी परत इकडे आणू."